जुनी नोट घ्यायच्या आधी टॉर्च तिरका धरा

माझ्या अल्बममध्ये रिझर्व्ह बँकेचे जुने गव्हर्नर सी. डी. देशमुखांच्या सहीची पाच रुपयांची नोट आहे, सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याची. ती मी ‘कोरी’ म्हणून ४,२०० रुपयांना घेतली आणि ती कोरी नाहीये. पुण्यातल्या एका प्रदर्शनात, मंगल कार्यालयातल्या त्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नोट इतकी छान दिसत होती की बस. विकणारा म्हणाला, साहेब अशी कोरी परत मिळणार नाही, आणि मी खिशात हात घातला. शेजारच्या टेबलावर एक काका नोटा चाळत बसले होते, त्यांना मी हौसेने दाखवायला गेलो. त्यांनी विचारून ती प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढली, टेबलावर आडवी ठेवली, मोबाईलचा टॉर्च लावून तो अगदी कडेने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला, आणि त्या सपाट नोटेवर तीन उभ्या रेघा उठल्या, नांगरलेल्या शेतात सरी दिसते ना तशा. काका एवढंच म्हणाले, “इस्त्री केलीय हो.”

हे सगळं लिहायचं कारण तेच. नवीन माणूस जुनी नोट घेताना साल बघतो, राजा बघतो, नंबर बघतो. कागद बघत नाही. आणि पैसे तर कागदाच्या अवस्थेचेच मोजायचे असतात. तीच नोट, तीच सही, तरी मळकी असेल तर एक भाव आणि खरंच कोरी असेल तर कितीतरी पट. म्हणून आधी ग्रेडिंग शिका, खरेदी त्यानंतर.

ग्रेड म्हणजे नेमकं काय

जगभर साधारण एकच शिडी चालते: यूएनसी म्हणजे कोरी, मग एयू, एक्सएफ, व्हीएफ, एफ, व्हीजी, जी आणि त्याखाली फेअर, पुअर. पीएमजीसारख्या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या याच शिडीला ७० पर्यंतचे आकडे लावतात. ६० ते ७० यूएनसी, ५० पासून एयू, ४० आणि ४५ एक्सएफ, २० ते ३५ व्हीएफ, १२ आणि १५ एफ. आकडे पाठ करायची काही गरज नाही, घड्या मोजता आल्या पाहिजेत.

कोरी नोट म्हणजे जिला एकही घडी नाही, कोपरे टोकदार आणि चौकोनी, कागद घट्ट, डाग नाही. एयूमध्ये कॅशियरने मोजताना अंगठ्याने कोपऱ्याला पडलेली बारीक मुरड चालते, किंवा मधोमध एक हलकी घडी चालते, पण दोन्ही एकदम नाही. एक्सएफ म्हणजे फार तर तीन हलक्या घड्या, नाहीतर एकच पण पक्की मोडलेली. व्हीएफमध्ये बऱ्याच घड्या, थोडा मळ, तरी बोटात धरल्यावर कागदात जीव लागतो, हलवली की करकर ऐकू येते. एफ म्हणजे नोट भरपूर फिरलीय, कागद मऊ पडायला लागलाय. व्हीजीला कोपरे गोल, कडेला चिरा, टाचणीची भोकं. त्याखालच्या नोटा म्हणजे आजोबांच्या धोतराच्या कनवटीतून निघाल्यासारख्या.

घडी आणि मोडलेली घडी यात फरक आहे हे मला वर्षभर कळलं नव्हतं. हलकी घडी प्रकाशात दिसते पण छपाई अखंड असते, मोडलेल्या घडीवर शाई तुटून बारीक पांढरी रेघ पडते. भिंगातून बघा, एकदा दिसली की पुन्हा चुकणार नाही.

आता आपल्या नोटांची एक खासियत सांगतो, स्टेपलची भोकं. आपल्याकडे बँकांत नोटांच्या गड्डीला सरळ जाडजूड स्टेपल मारायचे, रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते बंद करायला सांगितलं. म्हणजे त्याआधीची नोट अजिबात वापरलेली नसली तरी एका कडेला दोन बारीक भोकं असायचीच. अशा नोटेला ग्रेडिंगवाले कोरीच मानतात, फक्त लेबलवर टाकतात की भोकं मुळातलीच आहेत. सुरुवातीला मी अशा दोन सुंदर नोटा ‘भोक आहे’ म्हणून नाकारल्या, ते आठवलं की अजून चुटपुट लागते. पण उगाच मधोमध कुठेतरी टाचणीचं भोक असेल, किंवा स्टेपल ओढून काढताना कागद फाटला असेल, तर ते दुखणं वेगळं, त्याची किंमत कमी करूनच मागा. भोकं शोधायची असतील तर नोट उजेडासमोर धरा, काळ्या आकाशात चांदण्या दिसाव्यात तशी दिसतात.

नोट हातात आली की

आधी हात धुवून कोरडे करा. थुंकी लावून नोटा मोजायची सवय असेल तर इथे सोडा. नोट कडेने धरा आणि विकणाऱ्याला विचारून पाकिटातून बाहेर काढा. काढू देत नसेल तर महागाची नोट तिथे घेऊच नका, कारण प्लॅस्टिकच्या चकाकीत घड्या लपतात.

मग टॉर्च. वरून नाही, कडेने, तिरका. आधी लांबीकडून, मग रुंदीकडून, आणि मागची बाजूही. उभ्या घड्या, आडव्या घड्या, कोपऱ्याच्या मुरडी, सगळं मनात मोजा आणि विकणाऱ्याने काय ग्रेड सांगितलीय ते ऐकायच्या आधी स्वतःची ठरवून टाका. हे महत्त्वाचं आहे, कारण एकदा कानावर ‘यूएनसी’ पडलं की डोळे पण यूएनसीच बघायला लागतात, माझं तेच झालं.

त्यानंतर उजेडासमोर धरून वॉटरमार्क बघा, ठिगळ लावलेलं असेल तर तिथला कागद जाड किंवा पातळ दिसतो. चारी कडांची पांढरी किनार बघा, एका बाजूला फारच अरुंद असेल तर मुळात कापताना सरकली असेल किंवा फाटकी कड लपवायला कुणीतरी नंतर कातरली असेल. त्यासाठी त्याच प्रकारची दुसरी नोट शेजारी ठेवून माप जुळवा, मिलिमीटरभर फरकसुद्धा लगेच कळतो. पेनने लिहिलेलं बघा, आपल्याकडे वॉटरमार्कच्या मोकळ्या जागेत आकडा लिहायची जुनी खोड. सेलोटेपचा पिवळा डाग बघा, टेप काढली तरी तो जात नाही.

धुतलेल्या नोटेचं वेगळं सांगायला हवं, कारण बाजारात त्याच सगळ्यात जास्त फसवतात. मळकी नोट साबणाच्या पाण्यात धुवायची, दाबून वाळवायची, वरून इस्त्री, आणि एफची नोट एक्सएफ म्हणून उभी. पकडायची कशी? रंग थोडे उडालेले असतात आणि कागद एकतर कापडासारखा निर्जीव नाहीतर खळ दिल्यासारखा उगाच ताठ लागतो. नाकाजवळ न्या, कधीकधी साबणाचा वास सुद्धा येतो, हसू नका, मी केलंय. आणि दोन-तीनशे रुपयांचा यूव्ही टॉर्च घेऊन ठेवा. नोटेचा जुना कागद त्याखाली मंद, काळपट राहतो, पण कपड्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे रसायन असतं ते निळसर चमकतं, म्हणजे धुतलेली नोट नव्या बनियनसारखी उजळते. चमकली नाही म्हणजे धुतलीच नाही असं मात्र नाही, नुसत्या पाण्याने पण धुतात.

इस्त्रीची नोट म्हणजे माझीच. सपाट, किंचित तुकतुकीत, आणि तिरक्या प्रकाशात घडीचा माग राहतोच.

सुरुवात कशाने करायची

नाशिकरोडला आमच्या आळीत अर्धे लोक ‘प्रेस’मध्ये कामाला, तिथे १९२८ पासून नोटा छापतात, त्यामुळे नोटेचं अप्रूप लहानपणी कुणालाच नव्हतं. कदाचित म्हणूनच मी एकाच वेळी सगळं जमवायला निघालो आणि सहा महिन्यांत डब्यात नुसता कचरा झाला. तुम्ही एक विषय धरा.

मी सांगेन एक रुपयाची नोट धरा. ही नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची, म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थ सचिवाची सही असते आणि ‘मैं धारक को’ हे वचन नसतं. पहिली एक रुपयाची नोट निघाली ३० नोव्हेंबर १९१७ ला, पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून, पाचव्या जॉर्जच्या चित्राची, इंग्लंडमध्ये छापलेली, आणि ती पंचवीस-पंचवीस नोटांच्या पुस्तिकेत मिळायची. त्याच सुमाराला अडीच रुपयांची पण नोट निघाली, ‘दोन रुपये आठ आणे’, पण ती स्वप्नात बघा, सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. स्वतंत्र भारताची पहिली नोटही एक रुपयाचीच, १९४९ ची, राजाच्या जागी अशोकस्तंभ. छपाई १९९४ ला थांबली आणि २०१५ ला परत सुरू झाली. १९४९ ते १९९४ मधल्या बऱ्याच नोटा अजून खिशाला परवडतात, बहुतेकांवर साल छापलेलं आहे, त्यामुळे साल आणि सही असा तक्ता करून एकेक घर भरत जाता येतं, मजा येते.

सह्यांत गंमतजंमत भरपूर आहे. मनमोहन सिंगांची सही एक रुपयावर अर्थ सचिव म्हणून आहे आणि मग मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. एल. के. झा, आय. जी. पटेल, वेंकिटरमणन यांचंही तसंच. के. जी. अंबेगावकर १९५७ मध्ये दीड महिना गव्हर्नर होते पण गव्हर्नर म्हणून त्यांची सही एकाही नोटेवर नाही, ती बघायची तर अर्थ सचिव म्हणून केलेली एक रुपयावरचीच. बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर, तरी त्यांची सही गांधी शताब्दीच्या नोटांवर आली, त्या सेवाग्रामच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या गांधीजींच्या. आणि देशमुख तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते ४९, राजाचं तोंड आणि खाली रायगडच्या माणसाची सही असं एकाच कागदावर बघायला मिळतं. पाच रुपयांच्या नोटेत त्यांच्या सहीचे दोन प्रकार आहेत, एकात राजा बाजूने दिसतो, एकात समोरून. एकाचा भाव दुसऱ्याला लावून विकतात, तेवढं तपासा.

मराठवाड्यातल्या लोकांनी हैदराबाद संस्थानच्या नोटा जरूर बघाव्यात, उस्मानिया सिक्का म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन, त्यांच्यावर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली आहे. गोव्याकडे पोर्तुगीजांच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुच्या नोटा, आधी रुपिया आणि १९५९ ला एस्कुदो, ३०, ६०, १००, ३००, ६०० असे विचित्र आकडे, कारण सहा एस्कुदोंचा एक रुपिया धरला होता. गोव्यात अजून कुणाकुणाच्या कपाटात सापडतात.

आणखी बारीक प्रकार: पन्नाशीच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत ‘दो रुपया’ होतं, १९५३ च्या सुमाराला ‘रुपये’ ठरलं. पन्नास रुपयांवरच्या संसद भवनावर झेंडा नसलेल्या आणि असलेल्या अशा दोन्ही नोटा आहेत. १९६७ ला खर्च वाचवायला नोटांचा आकारच कमी केला.

कोणत्या ग्रेडची घ्यायची? माझा हिशोब असा. १९७० नंतरची नोट कोरीच घ्या, कारण कोरी स्वस्तात मिळते, मळकी घेऊन करायचं काय. राजाच्या काळातली नोट प्रामाणिक व्हीएफ घ्या. ती फिरलेली असते, फिरल्यासारखी दिसते, तिला इस्त्री करून कुणाला फार फायदा नसतो, त्यामुळे फसायची शक्यता कमी. कोऱ्याच्या नादाला डोळा तयार झाल्यावर लागा.

कुठे घ्यायची आणि कुठे नाही

पुण्याचा जुना बाजार, मुंबईत फोर्टातले फुटपाथ आणि चोर बाजार, गावोगावची प्रदर्शनं, ओळखीचे डीलर, ऑनलाइन लिलाव. जुन्या बाजारात नोटा बघायला जा, हात बसवायला जा, शंभर-दोनशेच्या वर खर्च करू नका. प्रदर्शनात दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी नुसतं फिरा, एकाच नोटेचे चार टेबलांवर चार भाव कळतात. आणि विचारा की परत घ्याल का, बिल द्याल का. चांगला डीलर स्वतःहून सांगतो की दादा इथे पिन आहे, इथे घडी आहे, तसा माणूस मिळाला की धरून ठेवा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. लिलावात बोली लावताना लक्षात ठेवा की हातोडा पडतो त्या आकड्यावर कमिशन आणि जीएसटी चढतो, मी पहिल्यांदा विसरलो होतो.

ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचा स्कॅन आणि वर तिरक्या प्रकाशातला फोटो मागा. देत नाही म्हणाला तर पुढे चला.

पीएमजीच्या होल्डरमधली, म्हणजे ग्रेडचं लेबल लावलेल्या बंद प्लॅस्टिकमधली नोट घ्यायला हरकत नाही, पण लेबलवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा, होल्डर पण नकली येतात. आणि ‘ईपीक्यू’ लिहिलंय का बघा, म्हणजे कागदाला धुणं-दाबणं झालेलं नाही असं ते सांगतात. साध्या दोनशे रुपयांच्या नोटेला मात्र ग्रेडिंगला पाठवू नका, फी नोटेपेक्षा जास्त होते.

हज नोटा, हजयात्रेकरूंसाठी काढलेल्या, १९५९ च्या, ‘एचए’ प्रिफिक्सच्या (म्हणजे नंबराआधी ती अक्षरं असलेल्या), आणि त्याच काळातल्या आखाती देशांसाठीच्या ‘झेड’ प्रिफिक्सच्या नोटा, यांची नावं तुम्ही लवकरच ऐकाल. नकली भरपूर आहेत, सर्टिफाइड असल्याशिवाय हात लावू नका. एरर नोटांचं, म्हणजे छापताना किंवा कापताना चूक झालेल्या नोटांचं पण तसंच. नंबर छापायचाच राहिलाय असं भासवायला तो रसायनाने पुसता येतो आणि ‘एक्स्ट्रा पेपर’ची नोट, म्हणजे कापताना कोपरा दुमडल्यामुळे कागद जास्त राहिलेली, ती डिंकाने घरी बनवता येते. नकली ओळखायला दहापट दाखवणारं भिंग पुरतं. खऱ्या छपाईत रेघ सलग दिसते, घरच्या प्रिंटरवरची असेल तर रेघेचे रंगीत ठिपके होतात.

आणि ते मोबाईलवर फिरतं ना, ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखाला, ७८६ वाली तीन लाखांना, आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ भरा. ते फसवणूक आहे, पूर्णविराम. रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की आम्ही असले व्यवहार करत नाही, कुणाला आमच्या नावाने फी घ्यायला नेमलेलं नाही. आमच्या मावशीने ट्रॅक्टरच्या चाळीस नोटा जपून ठेवल्यात, सगळ्या मळलेल्या, तिला अजून वाटतं मी हेवा करतो.

कायद्याचं एक: २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा संग्रहात ठेवताना २०१७ च्या कायद्यात मर्यादा आहे, साधारण माणसाला एकूण दहा, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी पंचवीस. त्यापेक्षा जास्त सापडल्या तर दंड दहा हजार किंवा दर्शनी रकमेच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. गड्डी सापडली म्हणून खूश होऊ नका.

डोळा तयार करायचा सोपा रस्ता म्हणजे मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनिटरी म्युझियम. बेंगळुरूला गेलात तर रेझवान रझाक यांचं फक्त भारतीय कागदी चलनाचं म्युझियम आहे. काचेआडून का होईना, खरी कोरी नोट कशी दिसते ते एकदा बघून ठेवा.

घरी आणल्यावर

धुवू नका, इस्त्री करू नका, टेप लावू नका, लॅमिनेशन तर बिलकुल नको, लॅमिनेट केलेली नोट संपली. स्टेशनरीच्या दुकानातले स्वस्त अल्बम बरेचदा पीव्हीसीचे असतात, पान उघडलं की नव्या रेनकोटसारखा वास येतो, काही वर्षांत ते चिकट होतं आणि नोटेला धरतं. मायलार किंवा पॉलिप्रोपिलिनची पाकिटं घ्या. अल्बम उभा ठेवा, ऊन लागणार नाही असा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तिथे पावसाळ्यात ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा काढून बघा, कसर लागली तर एका पावसाळ्यात कड खाऊन टाकते. कोकणात राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी.

आणि एक वही करा. तारीख, कुठे घेतली, किती दिले, विकणाऱ्याने सांगितलेली ग्रेड, आणि घरी टॉर्च लावून तुम्ही ठरवलेली ग्रेड, असे दोन वेगळे रकाने. वर्षभराने दोन्ही रकाने शेजारी वाचले की कुठल्या माणसाकडे परत जायचं ते आपोआप कळतं. माझ्या वहीत देशमुखांच्या नोटेपुढे पहिल्या रकान्यात ‘यूएनसी’ आहे, दुसऱ्यात ‘व्हीएफ, दाबलेली’, आणि ४,२०० ला लाल पेनने गोल केलाय.